नोकरीची जाहिरात आणि ओळखीचा आवाज

गिरणा नदीच्या काठी वसलेले भडगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस, केळी आणि मका ही या परिसरातील प्रमुख पिके. लोहमार्ग गावावरून जात नाही. मुंबई-भुसावळ मार्गावरील कजगाव हे तालुक्यातील स्थानक. जिल्ह्याचे ठिकाण साठेक किलोमीटरवर. घरात आणि बाजारात बोलली जाणारी भाषा अहिराणी, शाळेतील व कचेरीतील भाषा प्रमाण मराठी, आणि नोकरीच्या बऱ्याचशा जाहिरातींची भाषा इंग्रजी, अशी येथील तरुणांची त्रिभाषिक परिस्थिती आहे.

जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. २०१८ साली या विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत महाविद्यालये वाढली आणि शेतकरी, शेतमजूर, भिल्ल व बंजारा कुटुंबांतील मुलामुलींना आपल्या तालुक्यात राहून पदवी घेणे शक्य झाले. अनेक घरांत ही पहिलीच पदवी होय.

पदवी अशा रीतीने गावापर्यंत आली. मात्र पदवीधराला लागणाऱ्या नोकरीची वार्ता तितक्याच सहजतेने गावापर्यंत येते काय, हा प्रश्न उरतो. यावर अलीकडे सुचविला जाणारा एक उपाय म्हणजे समाजमाध्यमांवरील लोकप्रिय व्यक्तींच्या, म्हणजेच ज्यांना सर्वत्र 'इन्फ्लुएन्सर' म्हटले जाते अशा प्रभावकांच्या, साहाय्याने नोकरीची माहिती विविध समाजघटकांतील पदवीधरांपर्यंत पोहोचविणे. या उपायाचे बळ कशात आहे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

जाहिरात कोणापर्यंत पोहोचते?

सार्वजनिक नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी मिळाली पाहिजे, असे भारतीय संविधानाचा अनुच्छेद १६ सांगतो. पद रिक्त आहे हेच ज्याला कळले नाही त्याच्या दृष्टीने ही संधी कागदावरच राहते. म्हणून रिक्त पदांची वार्ता सर्वदूर पोहोचविण्याचे प्रयत्न स्वातंत्र्योत्तर काळात सातत्याने झाले. सेवायोजन कार्यालयांना रिक्त पदे कळविणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ साली संमत झाला व १ मे १९६० पासून अमलात आला. केंद्र शासनाचे 'एम्प्लॉयमेंट न्यूज' हे साप्ताहिक १९७६ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने १९५९ च्या कायद्याची जागा घेतली असून रिक्त पदे कळविण्याचे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात दिलेला निर्णय मूलगामी मानला जातो. केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविणे पुरेसे नाही. मोठा खप असलेल्या वृत्तपत्रांतून जाहिरात द्यावी, कार्यालयाच्या फलकावर ती लावावी, तसेच आकाशवाणी, दूरदर्शन व रोजगारविषयक नियतकालिके यांद्वारेही तिची प्रसिद्धी करावी, असे न्यायालयाने सुचविले. ज्या काळी जे माध्यम लोकांच्या हाती असेल त्या माध्यमातून वार्ता द्यावी, हा त्यामागील आशय होय. आज खेड्यातील तरुणाच्या हाती वृत्तपत्रापेक्षा मोबाईल अधिक वेळ असतो. त्या अर्थाने समाजमाध्यमांचा विचार हा याच तत्त्वाचा पुढचा टप्पा ठरतो.

जाहिरात प्रसिद्ध झाली म्हणजे संधी समान झाली, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन या गावी व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय पदांवरील लोकांना नोकरी कशी मिळाली याचा अभ्यास करून १९७४ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरीची वार्ता जाहिरातीतून नव्हे तर ओळखीच्या व्यक्तीकडून मिळाली होती. त्यातही जवळच्या मित्र-नातेवाइकांपेक्षा दूरच्या ओळखी अधिक उपयोगी पडल्या होत्या. कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. ज्या घरातील मामा बँकेत आहे किंवा आत्या तहसील कचेरीत आहे, त्या घराला वार्ता आपोआप मिळते. ज्या वस्तीवर एकही नोकरदार नाही, तेथे दूरची ओळख कोठून येणार? भडगावसारख्या तालुक्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधराची खरी अडचण ही आहे. गुणांनी तो कमी नसतो. त्याच्या ओळखीचे वर्तुळ गावाच्या शिवेपाशी संपलेले असते.

प्रभावक हे नवे, वृत्ती जुनी

समाजमाध्यमांवर एखाद्या विषयाची माहिती, मनोरंजन किंवा अनुभव नियमितपणे मांडून ज्याने आपला प्रेक्षकवर्ग तयार केला आहे आणि ज्याच्या शब्दाला त्या वर्गात वजन आहे, ती व्यक्ती म्हणजे प्रभावक. शब्द नवा असला तरी त्यामागील व्यवहार नवा नाही. गावात दवंडी पिटली जात असे तेव्हाही ऐकलेल्या गोष्टीचा अर्थ लोक पारावर बसलेल्या जाणत्याला विचारीत. खानदेशातील वहीगायनाने पिढ्यान् पिढ्या कथा, नीती आणि वार्ता लोकांपर्यंत नेल्या. पुढे कुटुंबनियोजन, साक्षरता व अल्पबचत यांच्या प्रचारासाठी शासनाने कलापथकांचे साहाय्य घेतले, ते याच जाणिवेतून.

या व्यवहाराची शास्त्रीय मांडणी पॉल लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केली. ओहायो राज्यातील ईरी परगण्यात १९४० च्या निवडणुकीच्या वेळी केलेल्या पाहणीत त्यांना आढळले की वृत्तपत्रे व रेडिओ यांचा परिणाम लोकांवर थेट होण्यापेक्षा त्यांच्यातील मतमार्गदर्शक व्यक्तींमार्फत अधिक होतो. माध्यमाकडून मार्गदर्शकाकडे आणि मार्गदर्शकाकडून इतरांकडे, असा हा द्विस्तरीय प्रवाह असतो. कॅट्झ व लाझर्सफेल्ड यांनी १९५५ च्या ग्रंथात हा विचार अधिक विस्ताराने मांडला.

भडगावकरांना ही गोष्ट शेतीच्या अनुभवावरूनही पटेल. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये भडगाव येथील सरकारी शेतीक्षेत्राची नोंद आहे. सुधारित वाण किंवा पद्धत शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहावी, हा अशा क्षेत्रांचा हेतू. पण कोणत्याही काळात सरकारी क्षेत्रावरील पिकापेक्षा शेजारच्या बांधापलीकडचे पीक शेतकऱ्याला अधिक पटते. कारण शेजाऱ्याची जमीन, पाणी आणि ऐपत आपल्यासारखीच आहे हे तो जाणतो. नोकरीच्या बाबतीतही 'आपल्यासारख्या' माणसाचा शब्द असाच काम करतो.

अहिराणीची समाजमाध्यमांवरील शक्ती आता सर्वांना दिसून आलेली आहे. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गीत यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि खानदेशाबाहेरील लग्नसमारंभांतही ते वाजू लागले. जी बोली गाण्यासाठी व विनोदासाठी एवढी दूर जाऊ शकते, ती नोकरीची वार्ता सांगण्यासाठी अपुरी ठरण्याचे कारण नाही.

जाहिरातीत नसलेले प्रश्न

नोकरीच्या जाहिरातीत पदसंख्या, अर्हता, वय, शुल्क व अंतिम दिनांक दिलेला असतो. परंतु खेड्यातील पदवीधराला, विशेषतः मुलींना, अर्ज करण्यापासून थांबविणारे प्रश्न बहुधा या यादीबाहेरचे असतात. परीक्षेचे केंद्र नाशिक किंवा पुणे आले तर रात्रीचा मुक्काम कोठे करावयाचा? मुलाखतीत इंग्रजी अडखळले तर काय होते? नेमणूक दूर झाली तर राहण्याची सोय कशी करतात? आमच्या जातीचे, आमच्या वस्तीवरचे कोणी तेथे आहे काय? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही अधिसूचनेत सापडत नाहीत. ती त्या वाटेने गेलेल्या माणसाजवळ असतात.

खानदेशात अशी माणसे आहेत. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड हे भिल्ल समाजातील. वैद्यकीय पदवी घेऊन ते भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. त्यांचे 'मी एक स्वप्न पाहिलं' हे आत्मकथन आणि त्यांची भाषणे आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली आहेत. दृष्टिहीन असूनही भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झालेल्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण दिव्यांग विद्यार्थ्यांना असेच बळ देणारे आहे. जळगाव येथील दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प दिव्यांग, अनाथ व आदिवासी विद्यार्थ्यांना निवासी प्रशिक्षण देतो आणि तेथील विद्यार्थ्यांच्या यशाच्या ध्वनिचित्रफिती अन्य विद्यार्थी आवर्जून पाहतात.

या उदाहरणांचे मोल मोठे आहे. तथापि, जिल्हाधिकारी होणे हे शिखर झाले. वस्तीवरील पदवीधराला शिखराइतकीच पहिल्या पायरीचीही माहिती हवी असते. ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक, बँकेतील लिपिक, परिचारिका, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पाईप, चटई, डाळ व ठिबक सिंचन उद्योगांतील लेखापाल किंवा गुणनियंत्रक, अशा पदांवर दोन-तीन वर्षांपूर्वी रुजू झालेला आपल्याच तालुक्यातील तरुण किंवा तरुणी तीन मिनिटांच्या ध्वनिचित्रफितीत आपला अनुभव अहिराणीत सांगेल, तर ते कथन ऐकणाऱ्याला आपल्या आवाक्यातले वाटेल. लाखो अनुयायी असलेल्या मुंबई-पुण्याच्या प्रभावकापेक्षा पाच-सात हजार स्थानिक प्रेक्षक असलेली व्यक्ती या कामी अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे आणि तिचा खर्चही अल्प आहे.

अशा कथनात भावनेबरोबर व्यवहारही असला पाहिजे. आरक्षित जागेवर अर्ज करणाऱ्या अनेक उमेदवारांची संधी गुणांअभावी नव्हे, तर कागदांअभावी जाते. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे जाहिरात निघाल्यानंतर जमवू लागल्यास मुदत टळते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. राज्यात अनाथांसाठी २०१८ पासून १ टक्का आरक्षण आहे. या तरतुदी ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच त्या ठाऊक नसतील तर जागा रिकाम्या राहतात. 'आधी कागद, मग अर्ज' हे वाक्य शासकीय पत्रकापेक्षा गावातील निवड झालेल्या मुलीच्या तोंडून अधिक परिणामकारक ठरते.

आधी दार उघडे हवे

प्रसिद्धी कितीही प्रभावी असली तरी भरतीची पद्धतच कोणाला वगळणारी असेल तर ती व्यर्थ होय. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रात २०२२ मध्ये घडले. पोलीस शिपाई भरतीच्या ऑनलाईन अर्जात लिंग या रकान्यापुढे स्त्री व पुरुष असे दोनच पर्याय होते. त्यामुळे तृतीयपंथी उमेदवारांना अर्जच भरता येत नव्हता. प्रकरण प्रथम महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे व नंतर मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिसरा पर्याय उपलब्ध करून देण्याचे व शारीरिक चाचणीचे नियम तयार करण्याचे निर्देश दिल्यानंतर अर्जाचा नमुना बदलण्यात आला आणि राज्यातून सत्तरहून अधिक तृतीयपंथी उमेदवारांनी अर्ज केले.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. विविध समाजघटकांतून उमेदवार यावेत असे ज्या कार्यालयास वा उद्योगास वाटते, त्याने प्रभावकाचा शोध घेण्यापूर्वी आपला अर्ज, आपले परीक्षा केंद्र, आपली इमारत आणि आपल्या अटी तपासाव्यात. चाकाच्या खुर्चीवरील उमेदवाराला जिना चढावा लागणार असेल, किंवा निकड नसताना इंग्रजी संभाषणाची अट घातली असेल, तर सुंदर ध्वनिचित्रफितीमुळे केवळ निराश होणाऱ्यांची संख्या वाढेल.

माध्यमाचे दोष

समाजमाध्यम सर्वांना सर्व काही दाखविते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. कोणाला काय दाखवावयाचे हे संगणकीय गणिताने ठरते आणि ज्याने पूर्वी जे पाहिले त्याच्याशी मिळतेजुळते तेच पुढे येत राहते. अमेरिकेत नोकरीच्या जाहिराती वय, लिंग व निवासाचा भाग पाहून निवडक लोकांनाच दाखविल्या जात असल्याच्या तक्रारी झाल्या. नागरी हक्क संघटनांशी मार्च २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार फेसबुकने नोकरी, घर व कर्ज यांच्या जाहिरातींसाठी अशी निवड करण्याची मुभा काढून घेतली. त्याच वर्षी झालेल्या एका संशोधनात असेही दिसले की जाहिरात देणाऱ्याने कोणताही भेद केला नाही तरी यंत्रणेच्या गणितामुळे ती स्त्री-पुरुषांत विषम प्रमाणात पोहोचते. जी मुलगी स्वयंपाकाच्या चित्रफिती पाहते, तिच्यापर्यंत अभियंता पदाची वार्ता आपोआप जाईल, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे एकाच प्रकारच्या प्रभावकावर विसंबून न राहता शेती, गाणी, खेळ, पाककृती, स्पर्धापरीक्षा अशा निरनिराळ्या प्रेक्षकवर्गांतील व्यक्तींची निवड करणे इष्ट ठरते.

दुसरा दोष मोबदल्याचा. प्रभावक पैसे घेऊन बोलत असेल तर ते प्रेक्षकाला कळले पाहिजे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मोबदला, भेटवस्तू किंवा अन्य हितसंबंध असल्यास ते स्पष्ट शब्दांत आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगावे, असे त्यांत नमूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. नोकरीची आशा ही फसवणुकीची सुपीक जमीन असते. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत रक्कम म्हणून पैसे उकळणारे लोक समाजमाध्यमांवरील ओळखीच्या चेहऱ्यांचा व शासकीय बोधचिन्हांचा गैरवापर करतात. एखाद्या शेतकरी कुटुंबाने कापसाच्या पैशातून किंवा दागिने गहाण ठेवून दिलेली रक्कम गेली तर त्या घरातील धाकट्या मुलीचे शिक्षण थांबण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक ध्वनिचित्रफितीत चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: जाहिरात क्रमांक, अर्ज करण्याचे अधिकृत संकेतस्थळ, अंतिम दिनांक, आणि अधिकृत परीक्षा शुल्काव्यतिरिक्त कोणालाही पैसे देऊ नयेत हा इशारा. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. पैसे लवकर अडविले जाण्याची शक्यता तत्परतेवरच अवलंबून असते.

ऐकले, मग चर्चा, मग कृती

केवळ ऐकल्याने माणूस कृतीला प्रवृत्त होतो काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वीच शोधले आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीच्या क्षेत्रातील पाच मराठी भाषी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग करण्यात आला. गावकऱ्यांचा एक गट ठरलेल्या वेळी कार्यक्रम ऐके, लगेच त्यावर चर्चा करी आणि आपले प्रश्न व निर्णय आकाशवाणीस कळवी. पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. ज्या गावांत नुसता रेडिओ होता त्यांच्यापेक्षा ज्या गावांत ऐकून चर्चा होत असे, तेथील लोकांच्या ज्ञानात लक्षणीय अधिक भर पडल्याचे त्यात दिसून आले. पुढे हा नमुना देशभर व अन्य विकसनशील देशांतही अनुसरला गेला.

आजच्या मोबाईलला हाच धडा लागू पडतो. ध्वनिचित्रफीत एकट्याने पाहिली जाते व पुढच्या क्षणी विसरली जाते. तीच महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात पंधरा-वीस पदवीधरांनी एकत्र पाहिली, शंका विचारल्या आणि त्याच बैठकीत अर्ज भरला, तर तिचे सार्थक होते. भडगावसारख्या तालुक्यात असा उपक्रम विशेष खर्चाशिवाय होऊ शकतो.

यात ग्रामपंचायतीने गावातील पदवीधरांची यादी त्यांच्या संमतीने तयार करावी आणि महिन्यातून एक दिवस वाचनालयातील संगणक व इंटरनेट जोडणी अर्ज भरण्यासाठी राखून ठेवावी. यादीतील वैयक्तिक माहिती अन्य कोणास देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने या बाबतीत जबाबदारी घालून दिलेली आहे. वस्तीवरील व वाड्या-तांड्यांवरील मुली बैठकीस येऊ शकतील अशी वेळ ठरवावी.

शिक्षक व प्राध्यापकांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी नोकरीस लागलेल्यांशी संपर्क साधून त्यांचे अनुभव ध्वनिचित्रमुद्रित करून घ्यावेत. त्यांत मुली, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती, भटक्या जमाती व अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थी असतील याची काळजी घ्यावी. बोलणाऱ्याने आपले अपयशही सांगावे. पहिल्याच प्रयत्नात मिळालेल्या यशाच्या कथा ऐकून इतरांचा धीर खचतो. तिसऱ्या प्रयत्नाची कथा धीर देते. कर्णबधिरांसाठी चित्रफितीखाली मराठी अक्षरे द्यावीत आणि पडद्यावर दाखविलेला मजकूर दृष्टिहीनांसाठी मुखाने सांगावा.

अधिकाऱ्यांनी स्थानिक प्रभावकांना जाहिरातीचा मजकूर वेळेवर, सोप्या मराठीत व अधिकृतपणे पुरवावा, म्हणजे ऐकीव माहितीवर चित्रफिती तयार होणार नाहीत. 'महास्वयम्' संकेतस्थळावरील नोंदणी, रोजगार मेळावे, शिकाऊ उमेदवारी या सर्वांची माहिती या मार्गाने देता येईल. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांस ६,०००, पदविकाधारकांस ८,००० व पदवीधरांस १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरविण्यात आले होते. अशा योजनांत पद हे कायम नोकरी नसून प्रशिक्षण आहे, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट सांगणे अगत्याचे असते. आशा वाढवून नंतर निराशा पदरी टाकणारी प्रसिद्धी पुढील प्रत्येक प्रसिद्धीचा विश्वास घालविते. शासकीय कर्मचाऱ्यांनी स्वतः अशा चित्रफितीत बोलताना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि समाजमाध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या सूचना पाळाव्यात.

यशाचे मोजमाप

या उपक्रमाचे यश चित्रफीत किती जणांनी पाहिली यावरून मोजण्याचा मोह होईल. पण पाहणाऱ्यांची संख्या हे साधन आहे, साध्य नव्हे. मोजावयाचे ते असे: गावातील किती पदवीधरांनी अर्ज भरले, त्यांत मुली किती, पहिल्या पिढीचे किती, दिव्यांग किती, कोणत्या वस्तीवरून एकही अर्ज आला नाही, आणि कागदाअभावी किती अर्ज बाद झाले. ही नोंद एका साध्या वहीत ठेवता येते. पुढच्या वर्षी कोणत्या वस्तीवर जावयाचे, कोणत्या समाजातील व्यक्तीला बोलते करावयाचे आणि कोणत्या प्रमाणपत्रासाठी शिबीर भरवावयाचे, हे ती वहीच सांगेल.

विविध समाजघटकांतील पदवीधर नोकरीत आल्याने त्यांच्या घरांचे कल्याण होतेच. त्याबरोबर कार्यालयांचेही कल्याण होते. अहिराणीत गाऱ्हाणे मांडणाऱ्या वृद्धेचे म्हणणे ज्या लिपिकाला दुभाष्याविना कळते, भिल्ल वस्तीवरील आजारपणाची रीत जी परिचारिका जाणते, त्यांच्यामुळे शासन लोकांच्या जवळ जाते. अशी माणसे भडगावच्या महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडत आहेत. त्यांच्यापर्यंत वार्ता नेणारा ओळखीचा आवाज मोबाईलवरून येवो अथवा पारावरून, त्या आवाजाने खरे सांगावे आणि ऐकणाऱ्याचा अर्ज मुदतीत भरला जावा, एवढे पाहणे गावातील जाणत्यांच्या हाती आहे.